नागपुरात बयान्यावर प्लॉटचा सौदा: नवख्यानं सुरुवात कशी करावी

अमेरिकेत ज्याला रिअल इस्टेट होलसेलिंग म्हणतात, ते नागपूरच्या माणसाला नवीन नाही. मालकाशी भाव ठरवायचा, थोडा बयाना (इसार, म्हणजे आगाऊ रक्कम) देऊन मुदत घ्यायची, त्या मुदतीत खरा खरेदीदार उभा करायचा, रजिस्ट्री थेट त्याच्या नावे करून द्यायची आणि मधला फरक आपला. मानेवाड्यापासून गोधनीपर्यंत असे सौदे होतच असतात. फक्त बहुतेक जण ते अर्ध्या कागदावर करतात, आणि अडकतात ते तिथंच.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. या धंद्यात तुमच्याकडे विकायला जमीन नसते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ नुसार नुसत्या विक्रीच्या करारानं मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. तुमच्या हाती असतो तो ठरलेल्या भावात, ठरलेल्या तारखेपर्यंत रजिस्ट्री मागण्याचा हक्क. म्हणजे तुमचा माल काय, तर बयानापत्र (हाच तो विक्रीचा करार) आणि त्यातले उरलेले दिवस. बयानापत्र कच्चं असेल किंवा दिवस संपले असतील, तर प्लॉट कितीही झकास असो, तुमच्या हाती काही उरत नाही.

अमेरिकेतली पद्धत इथं जशीच्या तशी चालत नाही, याचं कारण मुद्रांक शुल्क. तिकडे नवख्यांना दोन वाटा शिकवतात. एक, करार दुसऱ्याच्या नावे करून देणं. दुसरी, आधी आपल्या नावे खरेदी आणि लगेच पुढे विक्री. दुसरी वाट इथं धरली तर काय होतं पाहा. ३९ लाखांचा प्लॉट तुम्ही स्वतःच्या नावे घेतला. शुल्क कमीत कमी ६ टक्के धरलं तरी २,३४,००० रुपये, वर नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. झाले २,६४,०००. पुढच्या खरेदीदाराला त्याचं शुल्क पुन्हा वेगळं. दोन लाख सुटतील म्हणून हातात घेतलेला सौदा तिथंच उलटा पडतो. म्हणून आपल्याकडे एकच वाट: रजिस्ट्री एकदाच, मालकाकडून थेट शेवटच्या खरेदीदाराला.

आधी खरेदीदार, मग प्लॉट

नवखा माणूस स्वस्त प्लॉट दिसला की बयाना देऊन मोकळा होतो आणि मग गिऱ्हाईक शोधत फिरतो. हे उलटं करा. बयान्याला हात घालण्याआधी निदान पाच खरे खरेदीदार वहीत उतरवलेले हवेत. प्रत्येकाच्या नावापुढे लिहायच्या गोष्टी अशा: कोणता भाग (बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा, दिघोरी, काटोल रोड, कोराडी रोड), किती चौरस फूट, तोंड कोणत्या दिशेला, समोर रस्ता किती रुंद, आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) लागेल की नाही, आणि पैसा स्वतःचा की बँकेचा. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. बँकेचं कर्ज घेणारा खरेदीदार मिळाला तर मुदतीत महिना-दीड महिना जास्तीचा धरावा लागतो आणि कागद बँकेच्या वकिलाच्या पसंतीचे लागतात.

खरेदीदार साधारण तीन प्रकारचे. स्वतः घर बांधणारा नोकरदार, भाव चांगला देतो पण दहादा प्लॉट पाहतो आणि घरच्यांना घेऊन येतो. लहान बिल्डर, लवकर ठरवतो पण भाव घासतो. आणि जमीन संपादनात किंवा शेत विकून पैसा आलेला माणूस, ज्याला पैसा लवकर गुंतवायचा असतो. पहिल्या सौद्यासाठी लहान बिल्डर बरा. त्याला बयान्याचा सौदा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

वास्तूवर तुमचा विश्वास असो-नसो, खरेदीदाराचा असतो. पूर्वमुखी आणि उत्तरमुखी प्लॉट लवकर उठतात. ज्याच्या तोंडावर समोरून रस्ता येऊन आदळतो तो टी-पॉइंटचा प्लॉट, किंवा मागे निमुळता होत गेलेला शेरमुखी प्लॉट, राहण्यासाठी घेणारा सहसा नाकारतो. असा प्लॉट स्वस्तात मिळतो तो याच कारणानं. तुम्हालाही तो त्याच कारणानं विकता येणार नाही.

विक्रेता कुठं सापडतो

जाहिरातीतला प्लॉट शंभर दलालांच्या मोबाइलवर फिरून आलेला असतो. त्यात फरक उरत नाही. तुम्हाला हवा तो प्लॉट ज्याच्यावर बाभळी उगवल्या आहेत, शेजारचे कचरा टाकतात आणि मालक पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आहे.

एक-दोन लेआउट निवडा आणि तिथंच राहा. आठवड्यातून तीन सकाळी पायी फिरा. एप्रिल-मेमध्ये सात ते नऊच्या आतच, नंतर उन्हात प्लॉट पाहायला ना तुम्ही उभे राहाल ना गिऱ्हाईक. रिकाम्या प्लॉटचे नंबर लेआउटच्या नकाशावर खूण करून ठेवा. कोपऱ्यावरचा पानठेलेवाला, किराणा दुकानदार, शेजारच्या बांधकामावरचा चौकीदार आणि लेआउटच्या नागरिक मंडळाचे सचिव, या चौघांकडून मालकाचं नाव कळतं. नाव कळलं की नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गावाचं आणि मिळकतीचं वर्णन टाकून इंडेक्स-२ (नोंदलेल्या व्यवहाराचा सारांश) काढा. मालकानं कधी, कितीला घेतला तेही तिथंच दिसतं.

विकायला मनापासून तयार असलेला मालक ओळखायची खूण म्हणजे त्याच्याकडे तारीख असते: मुलीचं लग्न, मुलाची फी, भावाभावांची वाटणी, दवाखाना. ‘भाव आला तर देऊ’ म्हणणाऱ्याच्या मागे लागू नका. मात्र अडलेल्या माणसाला खोटी भीती घालून भाव पाडायचा प्रयत्नही करू नका. असा सौदा रजिस्ट्रीच्या दिवशी हमखास मोडतो, कारण तोवर त्याला कुणीतरी खरा भाव सांगितलेला असतो. आपण हा करार पुढे देणार आहोत आणि मधला फरक आपला असेल, हे मालकाला पहिल्याच बैठकीत सांगा.

कागद: नागपूरची खासियत

इथल्या मिळकतींचे प्रकार इतके आहेत की बाहेरून आलेला वकीलही गोंधळतो. प्लॉट हातात आला की पहिला प्रश्न विचारायचा, हा कोणत्या जातीचा प्लॉट आहे?

नागपूर सुधार प्रन्यासचा, म्हणजे नासुप्रचा लीज प्लॉट असेल तर जमीन प्रन्यासची, मालक पट्टेदार. हस्तांतरणाला प्रन्यासची परवानगी आणि फी लागते, पट्टा संपलेला असेल तर आधी नूतनीकरण. नझूलचा प्लॉट असेल तर जमीन सरकारची. आखीव पत्रिकेवर सत्ता प्रकार आणि पट्ट्याची मुदत वाचा. आखीव पत्रिका म्हणजे इतर महाराष्ट्रात ज्याला मालमत्ता पत्रक म्हणतात तेच. नझूल आणि लीज दोन्हीत वेळ सरकारी कार्यालयाच्या हाती असतो. पहिल्या सौद्यात याला हात लावू नका.

सगळ्यांत जास्त व्यवहार होतात ते खासगी लेआउटमध्ये. १९७०-८० च्या दशकांत गृहनिर्माण सहकारी संस्थांनी आणि खासगी लोकांनी शेतजमिनीवर पाडलेले हे लेआउट नंतर गुंठेवारीत आले. ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे ऐकू येतील ते अशा लेआउटच्या गटांचे, गटात जितके लेआउट तितका आकडा. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा. आधी १ जानेवारी २००१ पूर्वीचे प्लॉट त्यात बसत, २०२१ च्या दुरुस्तीनं ती तारीख ३१ डिसेंबर २०२० झाली. डिमांड (नियमित करण्यासाठी आकारलेली रक्कम) भरून प्लॉट नियमित झाला की रिलीज लेटर मिळतं, त्यालाच सगळे आरएल म्हणतात. इथं नवखे हमखास चुकतात: डिमांडची पावती म्हणजे आरएल नव्हे. डिमांड निघालेलं असतं, अर्धं भरलेलं असतं, कधी भरूनही पत्र दुसऱ्याच नावावर असतं. आरएलची मूळ प्रत पाहा, त्यावरचा प्लॉट नंबर, खसरा (जमिनीचा सर्व्हे नंबर) आणि आराजी (क्षेत्रफळ) रजिस्ट्रीशी जुळवा, आणि ज्या कार्यालयानं ते दिलं तिथं खातरजमा करा.

शहराबाहेर, २०१७ पासून महानगर क्षेत्राचं प्राधिकरण म्हणजे एनएमआरडीए आहे. तिथल्या नव्या लेआउटमध्ये मंजूर नकाशा, जमीन अकृषक झाल्याचा कागद आणि महारेरा (स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) क्रमांक तिन्ही हवेत. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा प्रकल्प असेल तर नोंदणीशिवाय त्याची जाहिरातही करता येत नाही.

आणि शेतजमीन. एकरी भाव ऐकून हात शिवशिवतात, समृद्धी महामार्गाच्या बाजूला तर जास्तच. पण विदर्भात १९५८ चा वेगळा कुळवहिवाट कायदा लागू आहे आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. शिवाय भोगवटादार वर्ग-२ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी), भूदानाची, आदिवासी मालकाची (बिगर-आदिवासीला विकायला जिल्हाधिकाऱ्यांमार्फत परवानगी लागते), आणि झुडपी जंगल म्हणून नोंदलेली जमीन असे खड्डे आहेत. झुडपी जंगल ही वनजमीनच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये दिला आहे. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत असं काही दिसलं की तिथंच थांबा. मोजमापाचाही एक फटका बसतो: ०.४० हेक्टर आर म्हणजे एक एकर असं बोलून जातात, पण ४० आर म्हणजे ४३,०५६ चौरस फूट आणि एकर ४३,५६०. पाचशे चौरस फूट हवेत जातात.

तपासणीचा क्रम

पुढचा क्रम मुद्दाम स्वस्त ते महाग असा आहे. पहिल्या पायरीवर सौदा बाद झाला तर किरकोळ खर्चात सुटका होते.

आधी डिजिटल सही असलेला सातबारा (१५ रुपये) किंवा आखीव पत्रिका स्वतः काढा. मालकानं दिलेल्या झेरॉक्सवर भरोसा नको. ‘आपली चावडी’ संकेतस्थळावर त्या गावात कोणते फेरफार प्रलंबित आहेत ते पाहा; फेरफारावर हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि भावाबहिणींचे वाद तिथंच पहिल्यांदा डोकं वर काढतात. मग ई-कोर्टवर मालकाच्या आणि त्याच्या आधीच्या मालकाच्या नावानं दावे शोधा. नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून पाहा.

मग प्लॉटवर जा. टेप घेऊन चारही बाजू मोजा. ३० बाय ५० म्हणजे १,५०० चौरस फूट, कागदावर ते १३९.३५ चौरस मीटर दिसेल (मीटरला १०.७६४ नं गुणायचं). रस्ता नकाशावर ३० फूट आणि जागेवर २२ असं अनेकदा निघतं. वरून उच्चदाबाची तार जाते का, जवळ नाला आहे का, हे डोळ्यांनी पाहा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर नाग नदी आणि नाल्यांच्या काठचे प्लॉट खरेदीदार आवर्जून विचारतात. जमलं तर जुलै-ऑगस्टमध्ये एकदा जाऊन पाणी कुठं साचतं ते बघा. काळ्या मातीत साचलेलं पाणी आठ-आठ दिवस हलत नाही, आणि तसल्या जमिनीत पायाचा खर्चही वाढतो.

विकास योजनेत त्या खसऱ्यावर आरक्षण किंवा रस्ता आहे का, याचा झोन दाखला आणि भाग नकाशा संबंधित नियोजन प्राधिकरणाकडून घ्या. इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मिळकतीच्या नोंदलेल्या व्यवहारांचा शोध) करा. ऑनलाइन शोधात जुनी वर्षं सापडत नाहीत, ती दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊनच पाहावी लागतात. बँकेकडे मूळ कागद ठेवून कर्ज घेतलं असेल तर नोटीस ऑफ इंटिमेशनची नोंद सर्चमध्ये येते. शिवाय सरसाईवर (गहाण मिळकतींची केंद्रीय नोंद) शोध घ्या. मालक म्हणतो ‘मूळ रजिस्ट्री घरी आहे, नंतर दाखवतो’, तर ती बँकेत आहे असं समजून चालायचं, मूळ कागद समोर येईपर्यंत.

मुखत्यारपत्रावर विकणारा समोर आला तर तीन गोष्टी पाहा: मुखत्यारपत्र नोंदणीकृत आहे का, त्यात विक्रीचा आणि पैसे घेण्याचा अधिकार लिहिला आहे का, आणि ते देणारा आज जिवंत आहे का. सर्वसाधारणपणे देणारा वारला की मुखत्यारपत्रही संपतं. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे की मुखत्यारपत्रावरच्या खरेदीनं मालकी मिळत नाही. जुन्या सोसायट्यांच्या प्लॉटमध्ये मात्र अशा साखळ्या भरपूर आहेत.

भाव कसा काढायचा

अमेरिकेतला ७० टक्क्यांचा नियम (दुरुस्तीनंतरच्या किमतीच्या ७० टक्के वजा दुरुस्तीचा खर्च) मोकळ्या प्लॉटला लागू होत नाही. इथं दुरुस्ती नसते, देणी असतात. खरेदीदाराच्या भावापासून उलटं मोजत या.

एक उदाहरण, आकडे फक्त हिशेबापुरते. त्याच लेआउटमधला १,५०० चौरस फुटांचा प्लॉट नक्की २,९०० रुपयांनी जाईल: ४३,५०,००० रुपये. त्यातून आरएलचं शिल्लक डिमांड आणि थकीत मालमत्ता कर १,२०,०००. सर्च रिपोर्ट, जाहीर सूचना, मोजणी, मुद्रांक आणि वकील मिळून ४०,०००. खरेदीदार शेवटच्या दिवशी पाडेल ती रक्कम ९०,०००. तुमचा फरक २,००,०००. एकूण वजावट ४,५०,०००. उरले ३९,००,०००, म्हणजे २,६०० रुपये फूट. बोलणी २,५०० पासून सुरू करा आणि २,६०० ला उठून या. उठून येता येत नसेल तर हा धंदा तुमच्यासाठी महाग पडेल.

२,९०० हा आकडा कुठून आणायचा? इंडेक्स-२ मध्ये त्या लेआउटच्या गेल्या सहा महिन्यांच्या नोंदी पाहा, पण तिथं बरेचदा रेडी रेकनरच्या (शुल्कासाठी सरकारनं ठरवलेल्या दराच्या) आसपासची किंमत असते. म्हणून तिथल्या दोन बिल्डरांना आणि दोन दलालांना विचारा. चारपैकी सगळ्यांत कमी सांगेल तो धरा. रेडी रेकनरचा दर दरवर्षी १ एप्रिलच्या सुमारास बघावा लागतो. तुमचा सौदा त्या दराच्या खाली असेल तर शुल्क रेकनरवरच लागेल, आणि फरक १० टक्क्यांच्या वर गेला तर खरेदीदाराला प्राप्तिकराचाही त्रास होऊ शकतो. ते त्याला आधी सांगा.

बयानापत्र

टोकन म्हणून दिलेल्या हजार-पाच हजारांच्या आणि पाठकोऱ्या कागदावरच्या सहीच्या भरवशावर कुणालाही प्लॉट दाखवू नका. बयानापत्र वकिलाकडून लिहून घ्या. अर्जनवीसाकडचा छापील नमुना साध्या खरेदीसाठी ठीक असतो, त्यात तुम्हाला हवी ती वाक्यं नसतात. ती वाक्यं ही:

१. रजिस्ट्री “लिहून घेणार यांच्या किंवा ते सांगतील त्या व्यक्तीच्या नावे” करून देण्यात येईल. सगळा सौदा या एका वाक्यावर उभा आहे. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम १५ नुसार करारातला हक्क ज्याच्या नावे केला त्यालाही तो मागता येतो, पण करारातच मनाई असेल तर नाही. छापील नमुन्यात “हा करार हस्तांतरित करता येणार नाही” असं बारीक अक्षरात असतं, ते कापून टाका.

२. मुदत सहीच्या तारखेपासून न मोजता मालकानं ठरलेले कागद (आरएल, कर पावती, वारस दाखला, जे काही बाकी असेल ते) दिल्याच्या तारखेपासून ९० दिवस. मुदतवाढीचं वाक्यही आताच: आणखी ३० दिवस, इतकी रक्कम भरल्यास.

३. सर्व सहमालकांच्या सह्या. बाप वारला असेल तर आई, भाऊ आणि लग्न झालेल्या बहिणीसुद्धा. “बहिणी काही म्हणत नाहीत” हे वाक्य ऐकलं की त्या म्हणणार आहेत असं समजा.

४. मालकीत दोष निघाल्यास बयाना १५ दिवसांत परत. आणि तुमच्याकडून सौदा झाला नाही तर मालकाला जप्त करता येईल ती फक्त बयान्याची रक्कम, त्यापुढे नुकसानभरपाईचा दावा नाही. या वाक्याशिवाय एक लाखाच्या बयान्यावर तुम्ही ३९ लाखांची जबाबदारी घेऊन बसता.

५. जाहीर सूचना देण्याची आणि प्लॉट इतरांना दाखवण्याची मालकाची संमती.

६. ताबा रजिस्ट्रीच्या दिवशी. बयानापत्रात “ताबा दिला” असं चुकूनही लिहू नका. ताबा दिल्याचा करार मुद्रांक कायद्यानं विक्रीपत्रासारखाच धरला जातो आणि पूर्ण शुल्क बसतं.

नोटरी केली म्हणजे काम झालं हा मोठा गैरसमज आहे. नोटरी फक्त सही कुणी केली याची साक्ष देते. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवला तर तो सर्चमध्ये दिसतो आणि मालकाला तोच प्लॉट दुसऱ्याला विकणं अवघड जातं. मोठ्या रकमेच्या सौद्यात खर्च सोसून नोंदणी करावी. लहान सौद्यात किमान जाहीर सूचना वर्तमानपत्रात द्या, त्यात बयानापत्राचा उल्लेख करा आणि हरकतीसाठी निदान सात दिवस ठेवा. यानं दोन कामं होतात: हरकतदार बाहेर येतात आणि बाजारात कळतं की प्लॉट बांधला गेला आहे.

बयाना किती? नवख्यानं किमतीच्या दोन-तीन टक्क्यांवर जाऊ नये. मालक दहा मागेल. त्याला रक्कम वाढवून देण्याऐवजी मुदत कमी करून द्या. खरेदीदार वहीत असेल तर साठ दिवसही पुरतात. पैसे चेकनं किंवा बँकेतूनच. मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोख घेणं प्राप्तिकर कायद्यात बसत नाही आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. त्यातून रोख दिलेला बयाना कोर्टात सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

मुदतीतले नव्वद दिवस

पंचांग समोर ठेवूनच तारीख टाका. पितृपक्षाच्या पंधरवड्यात कुणी बयाना देत नाही, रजिस्ट्रीही टाळतात. ऑगस्टमध्ये सही करून मुदत ऑक्टोबरअखेर ठेवली तर मधले पंधरा दिवस गेलेच म्हणून धरा. उलट गुढीपाडवा, अक्षय तृतीया आणि दसऱ्याच्या आसपास रजिस्ट्रीला गर्दी असते. तुमचा खरेदीदार त्याच दिवसांचा हट्ट धरेल, म्हणून वेळ आधी आरक्षित करा. मार्चअखेरही तीच गत.

पहिल्या पंधरा दिवसांत सर्च रिपोर्ट आणि जाहीर सूचना उरकून घ्या. विसाव्या दिवसापासून वहीतल्या खरेदीदारांना एकेक करून दाखवा. कागदांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर सोडू नका. एकदा गेले की दुसऱ्या दिवशी तुमचाच प्लॉट तुम्हालाच विकायला फोन येतो, मधे पाच दलाल घुसलेले असतात आणि प्रत्येकाचा एक टक्का वर चढलेला असतो. कागद समोर बसून दाखवा. ‘माझा प्लॉट आहे’ असं म्हणू नका, ‘माझा बयाना आहे’ म्हणा. खरं तेच आहे, आणि खोटं बोलल्यास फसवणुकीची तक्रार तुमच्यावर होऊ शकते.

पंचेचाळिसाव्या दिवशी पक्का खरेदीदार नसेल तर भाव फुटामागे शंभर रुपयांनी उतरवा. साठाव्या दिवशी तुमचा फरक अर्धा करा. पंचाहत्तराव्या दिवशी मालकाला जाऊन भेटा आणि मुदतवाढ घ्या किंवा करार सोडून बयान्याचा काही भाग परत मागा. फोन बंद करून बसणारे यापुढे त्या लेआउटमध्ये धंदा करू शकत नाहीत. नागपूर त्या बाबतीत फार लहान आहे.

एक सीमारेषा स्पष्ट राहू द्या. एका मालकाचा एक प्लॉट बयान्यावर घेऊन एका खरेदीदाराला देणं वेगळं. शेतकऱ्याला बयाना देऊन त्याच्या शेतावर लेआउटचा नकाशा काढायचा आणि प्लॉट हप्त्यानं विकायला सुरुवात करायची, हे वेगळं. दुसऱ्या प्रकारानं इथं शेकडो कुटुंबांचे पैसे बुडाले आहेत आणि ते करणारे तुरुंगात गेले आहेत. नोंदणीकृत प्रकल्पातले प्लॉट किंवा फ्लॅट दलाल म्हणून विकायचे असतील तर महारेराची एजंट नोंदणी हवीच: प्रशिक्षण, परीक्षा, एकट्या व्यक्तीला १०,००० रुपये फी, पाच वर्षांची मुदत. नोंदणी नसेल तर दिवसाला १०,००० रुपये दंड, मिळकतीच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. आमच्या मते पहिले दोन-तीन सौदे नुसत्या दलालीवर, बयाना न देता करावेत. पैसा कमी मिळतो पण कागद वाचायची सवय स्वतःचा पैसा न अडकवता लागते.

करार पुढे देणं आणि रजिस्ट्री

खरेदीदार ठरला की तिघांचा करार करा: मालक, तुम्ही आणि खरेदीदार. करारातले हक्क तुम्ही एकट्यानं पुढे देऊ शकता, पण उरलेली रक्कम भरण्याची जबाबदारी मालकाच्या संमतीशिवाय तुमच्या डोक्यावरून उतरत नाही. मालकाची सही असली की तुम्ही मोकळे. या करारात तुमचा बयाना आणि फरकाची रक्कम वेगवेगळी लिहा, चेक नंबरासह.

रजिस्ट्रीत तुम्ही मान्यता देणार म्हणून सही करता. किंमत पूर्ण ४३,५०,००० दाखवायची, त्यात मालकाला किती आणि तुम्हाला किती हे लिहून. मालकाच्या ३९ लाखांचीच रजिस्ट्री करून वरचे हातावर द्यायचा आग्रह होईल. तसं केलं तर शुल्क चुकवल्याचा प्रश्न येतो, खरेदीदाराचं कर्ज कमी बसतं आणि त्यानं पुढे विकताना नफा फुगून दिसतो. मान्यता देणारा तिसरा माणूस पाहून बँकेचा वकील शंका काढतो, म्हणून कर्जाचा अर्ज जातानाच त्याला बयानापत्र आणि तिघांचा करार द्या. शेवटच्या आठवड्यात द्याल तर मुदत त्याच्या टेबलावर संपेल. खरेदीदार महिला असेल आणि मिळकत घर किंवा फ्लॅट असेल तर शुल्कात १ टक्का सवलत आहे. मोकळ्या प्लॉटला ती गृहीत धरून भाव बोलू नका. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर खरेदीदारानं १ टक्का टीडीएस कापायचा असतो.

तुमचा फरक हे करपात्र उत्पन्न आहे, विवरणपत्रात दाखवा. दलालीची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी, दर १८ टक्के. सीएला पहिल्या सौद्याआधीच गाठा, नंतर नव्हे. फरक कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा हे कराराच्या भाषेवरही ठरतं.

रजिस्ट्रीच्या दिवशी फायलीत असू द्या: तिघांचे आधार आणि पॅन, दोन साक्षीदार त्यांच्या आधारासह, मूळ आरएल, आधीची मूळ रजिस्ट्री, कर भरल्याची चालू वर्षाची पावती, डिमांड ड्राफ्ट किंवा बँकेतून पैसे गेल्याचा पुरावा, आणि मूळ बयानापत्र. सह्या झाल्या की मालकाकडून पूर्ण रक्कम मिळाल्याची पावती आणि तुमच्या बयानापत्रावर “व्यवहार पूर्ण, कोणाचेही घेणे-देणे नाही” असा शेरा तिघांच्या सहीनं घ्या. महिन्याभरानं फेरफार किंवा आखीव पत्रिकेवर नवं नाव चढलं का ते स्वतः पाहून खरेदीदाराला उतारा पाठवा. पुढचा खरेदीदार बरेचदा त्याच्याच ओळखीतून येतो.